लॉगबुकात नसलेला रकाना

मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञ झाली, आता लग्न आणि दवाखाना एवढंच उरलं, असं आईवडील धरून चालतात. मग ती सांगते की अजून एक परीक्षा आहे. आमच्या ओपीडीत काम करणाऱ्या ज्युनियरच्या घरी सध्या हेच चाललंय. तिला वंध्यत्वाच्या उपचारांतच पुढे शिकायचंय. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी ही त्यातली दोन वर्षांची फेलोशिप. एमएस, एमडी किंवा डीएनबी झालेल्यांनाच तिच्या परीक्षेला बसता येतं. संगणकावर पर्यायी उत्तरांचा पेपर, मग रँक, मग ऑनलाइन काउन्सेलिंग. जागा मोजक्या आणि बहुतेक मोठ्या शहरांत. तीन वर्षं द्यायची तयारी असेल तर एमसीएच आहे, त्यासाठी नीट-एसएस. खासगी आयव्हीएफ केंद्रं आपापल्या फेलोशिप चालवतात. तिथे मुलाखत होते, ओळखीपाळखी विचारल्या जातात आणि शिफारसपत्र लागतं. सरकारी कॉलेजातून पीजी केलं असेल तर वर्षभराच्या सेवेचा बॉण्ड असतोच, तो मोडला तर 50 लाखांचा दंड.

शिफारसपत्र माझ्याकडे मागितलं गेलं, म्हणून हा विषय.

या शिक्षणाला एवढं महत्त्व आलं ते नव्या कायद्यामुळे. पूर्वी चार दिवसांचं वर्कशॉप करून आलेला डॉक्टर दारावर ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ अशी पाटी लावू शकत असे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला, त्याच वर्षी नियम आले. केंद्रांचे दोन स्तर ठरले. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणं, नोंदणीचे 50,000 रुपये. दुसऱ्या स्तरावर आयव्हीएफ, इक्सी वगैरे सगळं, नोंदणीचे 2,00,000. आणि दुसऱ्या स्तरावर काम करू इच्छिणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाने जाणकाराच्या देखरेखीखाली 50 वेळा पिकअप, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर काढण्याचं काम, केलेलं असावं अशी अट आली. मला ही अट पसंत आहे. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सुई न्यायची असते, शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या असतात. पुस्तक वाचून हात बसत नाही.

पण शिकणाऱ्या फेलोचं लॉगबुक उघडून बघा. पिकअपचा रकाना, गर्भ पिशवीत सोडल्याचा रकाना, आययूआयचा रकाना. किती जोडप्यांना ‘तुम्हाला आयव्हीएफची गरज नाही’ असं सांगून घरी पाठवलं, याला रकानाच नाही.

आमच्या जालन्यात या रकान्याची गरज रोज पडते. सासू सुनेला घेऊन येते. पिशवीतून फाइल निघते, ती चांगली जाडजूड. चार सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, हार्मोन्सचे रिपोर्ट, कुठेतरी झालेली दुर्बीण. मी विचारते, “नवऱ्याचा रिपोर्ट कुठंय?” सासू म्हणते, “त्याला काय धाड भरलीय, म्याडम? चांगला धडधाकट हाय.” सून खाली बघते. नवरा कुठे आहे, तर कामावर. काम काय, तर एमआयडीसीत भट्टीवर.

या शहराची सळई राज्यभर जाते. भंगार वितळवायच्या भट्ट्या, रिरोलिंग मिल, तिथल्या पाळ्या, यावर हजारो घरं चालतात. पुरुषाचे वृषण शरीराबाहेर असतात ते उगाच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोनेक अंश कमी लागतं. सततच्या उष्णतेने संख्या आणि हालचाल दोन्ही घटू शकतात, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. शुक्राणू तयार होण्याचं एक चक्र साधारण 74 दिवसांचं. म्हणजे भट्टीवरून त्याला गोदामात किंवा गेटवर काम मिळालं, तंबाखू सुटली, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्यात अर्थ असतो. प्रत्येकाचा रिपोर्ट सुधारतो असं नाही. पण ज्या बाईच्या अंगावर दीड-दोन लाखांची आयव्हीएफची सायकल टाकायची, तिच्या नवऱ्याला आधी नोकरी कुठे करतो एवढं तरी विचारावं की नाही? मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. ‘माणसाला’ म्हटलंय, ‘बाईला’ नाही.

तेच क्षयाचं. टीबी म्हणजे खोकला असं लोक समजतात. आपल्याकडे तो गर्भनलिकांत आणि पिशवीच्या अस्तरात गुपचूप बसलेला असतो. तो न शोधता, न बरा करता गर्भ सोडला तर पैसे आणि वर्ष दोन्ही जातात. कापूस विकून आणलेले पैसे एकदाच येतात, दुसऱ्या सायकलसाठी जमीन गहाण पडते.

नुसता हात तयार असणं पुरत नाही, म्हणून शेजारच्या बीडची आठवण इथे काढायलाच हवी. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. 82,309 जणींच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळीच ऑपरेशनं विनाकारण होती असं मी म्हणत नाही. पण ती करणारे हात कच्चे नव्हते, हे नक्की. हात तयार होता म्हणूनच तर झाली. आमच्या अंबड, घनसावंगी, मंठ्याकडूनही बायका उसाला जातात, त्यामुळे हा आकडा मला शेजारच्या जिल्ह्याचा वाटत नाही.

आयव्हीएफची सुरुवात भारतात कुणी केली, त्यांना कोणती फेलोशिप मिळाली होती? कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची ‘दुर्गा’ 3 ऑक्टोबर 1978 ला जन्मली, इंग्लंडच्या लुईस ब्राऊन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये आयव्हीएफनेच हर्षा जन्मली, दोघांच्या कामातून. डॉ. इंदिरा हिंदुजा केईएममध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि डॉ. आनंद कुमार परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले वैज्ञानिक. मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या पाहिल्यावर पहिलेपणाचा मान त्यांचाच, असं पुढे याच आनंद कुमारांनी जाहीरपणे मांडलं. असा मोठेपणा आमच्या धंद्यात फारसा बघायला मिळत नाही. आणि केईएम महापालिकेचं रुग्णालय आहे, हे तर आज मुद्दाम सांगावं लागतं. जे महापालिकेच्या खाटेवर सुरू झालं ते आता बहुतांशी काचेच्या इमारतींत गेलं, आणि शिकायच्या जागाही मागोमाग तिकडेच गेल्या.

जालन्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, एमबीबीएसच्या 100 जागा. आनंद आहेच. पण वंध्यत्वाचं उच्च शिक्षण तिथे यायला किती काळ लागेल हे मी विचारतही नाही. तोवर निदान एवढं करता येईल: शहरातल्या फेलोला दोन वर्षांतले तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी ओपीडीत बसवावं. नळ्या, टीबी, नवऱ्याचा रिपोर्ट, एवढंच काम. लॅब नको, इन्क्युबेटर नको. याला विरोध होईल, कारण त्या तीन महिन्यांत पिकअप होणार नाहीत.

पत्र लिहिलं. हुशार आहे, मेहनती आहे, रात्रीची ड्युटी टाळत नाही, हे सगळेच लिहितात, मीही लिहिलं. पुढे लिहिलं की नवऱ्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय ही मुलगी बायकोला पुढची तपासणी लिहून देत नाही. तिने वाचलं आणि विचारलं, “मॅडम, खासगी केंद्रवाल्यांना हे वाचून मी परवडणार नाही असं वाटलं तर?” वाटेलही. तरी ते वाक्य ठेवलं.

काउन्सेलिंगची यादी भरताना तिला दोन गोष्टी बघायला सांगितल्यात. तिथे पुरुषांची वेगळी ओपीडी आहे का, आणि पिकअप फेलोच्या हातून होतात की फेलो नुसत्या फाइली भरतात. हे विभागप्रमुखांना विचारायचं नाही. जी मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, तिला रात्री दहानंतर फोन करायचा.