साधा वर्तमानकाळ : रोजचे बोलणे, रोजची चूक



मागील अंकात आम्ही ‘ॲम, इज, आर’ यांची ओळख करून दिली. या महिन्यात साधा वर्तमानकाळ घेऊ. इंग्रजीत त्याला ‘सिंपल प्रेझेंट टेन्स’ म्हणतात. नाव साधे आहे, पण त्यातली चूक किती महागात पडू शकते, ते आम्ही घरातच पाहिले आहे.

आमचे मामू मधुमेहाच्या तपासणीसाठी गावाहून मुंबईला आले होते. रमजान तोंडावर आला होता. डॉक्टर परप्रांतातले. त्यांनी सोबत गेलेल्या आमच्या धाकट्या भावाला इंग्रजीत विचारले, ‘डझ ही फास्ट?’ म्हणजे, हे रोजे ठेवतात का? भावाने अदबीने उत्तर दिले, ‘येस, ही इज फास्टिंग.’ म्हणजे, हो, आत्ता ते उपाशीपोटी आहेत! लगेच रक्त घेतले गेले आणि कागदावर ‘फास्टिंग’ असे लिहिले गेले. मामू तर घरून चहा-पाव खाऊन निघाले होते. उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान 8 तास काही खायचे नसते. साखर अर्थातच जास्त आली आणि औषधाची मात्रा वाढवण्याची गोष्ट निघाली. सुदैवाने डॉक्टरांनी मामूंनाच हिंदीत विचारले, ‘चाचा, सुबह क्या खाया?’ आणि खरा प्रकार कळला. वाढीव मात्रा घेऊन मामूंनी रोजा ठेवला असता, तर साखर एकदम उतरण्याचा धोका होता. चूक डॉक्टरांची नव्हती, आमच्या इंग्रजीची होती.

परळला केईएम रुग्णालय 1926 पासून आणि टाटा मेमोरियल 1941 पासून आहे. कोकणातून, मराठवाड्यातून आपली किती माणसे तिथे येतात! देशाच्या सगळ्या भागांतून आलेल्या तरुण डॉक्टरांशी बोलताना ‘नेहमी होते’ आणि ‘आत्ता होत आहे’ हा फरक सांगता आला पाहिजे. जिना चढताना अब्बांना दम लागतो : ‘ही गेट्स ब्रेथलेस ऑन द स्टेअर्स.’ त्यांना आत्ता दम लागत आहे : ‘ही इज गेटिंग ब्रेथलेस.’ पहिल्या वाक्यावर डॉक्टर लिहून घेतील, दुसऱ्यावर धावत येतील.

रचना

आय, यू, वी, दे यांच्यापुढे मूळ क्रियापद जसेच्या तसे येते : ‘आय वर्क’, ‘दे वर्क’. ही, शी, इट किंवा कोणतेही एक नाव कर्ता असेल, तर क्रियापदाला ‘एस’ लागतो : ‘ही वर्क्स’, ‘खाला वर्क्स’. गो, टीच, वॉच यांसारख्या क्रियापदांना ‘ईएस’ लागतो : गोज, टीचेस, वॉचेस. ‘स्टडी’सारख्या शब्दात शेवटच्या ‘वाय’आधी व्यंजन असेल, तर ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतो. ‘प्ले’मध्ये ‘वाय’आधी स्वर आहे, म्हणून तिथे नुसता ‘एस’. ‘हॅव’चे होते ‘हॅज’.

एक गोष्ट मराठीपेक्षा सोपी आहे. आपण ‘तो करतो, ती करते’ असा भेद करतो. इंग्रजीत पुरुष असो वा स्त्री, क्रियापद एकच.

अब्बांचा आदर कुठे ठेवायचा?

आपल्या मुलांची सर्वांत जास्त चूक इथे होते. घरात कोणी ‘अब्बा काम करतो’ म्हणत नाही, ‘अब्बा काम करतात’ असेच म्हणतो. हे आदरार्थी अनेकवचन मनात इतके पक्के असते की मूल इंग्रजीतही ‘माय फादर वर्क’ म्हणते. ‘एस’ लावला तर अब्बांना एकेरी बोलल्यासारखे वाटते. पण इंग्रजी क्रियापदात आदराची सोय नाही. अब्बा एक आहेत, म्हणून ‘माय फादर वर्क्स’. आदर आवाजात आणि वागण्यात ठेवावा. आणि एकेरी म्हणजे बेअदबी, असे तरी मराठीत कुठे आहे? ‘अल्लाह सर्व जाणतो’ असे आपण एकेरीतच म्हणतो. इंग्रजीत ‘अल्लाह नोज एव्हरीथिंग.’

नकार आणि प्रश्न

इथे ‘डू’ आणि ‘डझ’ मदतीला येतात. ‘आय डू नॉट टेक शुगर.’ ‘ही डझ नॉट टेक शुगर.’ ‘डझ शी टेक शुगर?’ नीट पाहा, ‘एस’ आता ‘डझ’मध्ये गेला, म्हणून ‘टेक’ मोकळे राहिले. ‘ही डझ नॉट टेक्स’ ही चूक आहे. घराची किल्ली एकच. ती ‘डझ’ने घेतली की क्रियापदाच्या हाती उरत नाही.

वापर केव्हा?

सवयीसाठी : खाला दर उन्हाळ्यात लालबागला मिरची घेतात, ‘खाला बाइज चिलीज इन लालबाग एव्हरी समर.’ कायमच्या गोष्टीसाठी : ‘द सन राइजेस इन द ईस्ट.’ वेळापत्रकासाठी : ‘द ट्रेन लीव्हज दादर ॲट एट.’ गाडी अजून सुटायची असली तरी हाच काळ चालतो.

‘ऑल्वेज, युज्वली, समटाइम्स, नेव्हर’ हे शब्द या काळात वारंवार येतात. ते मुख्य क्रियापदाआधी ठेवावेत : ‘शी ऑल्वेज प्रेज ऑन टाइम.’

मराठीच्या दोन सवयी

घरातून निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणे जिवावर येते. पण त्याचे ‘आय कम’ करू नये. ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणावे. तसेच ‘मी उद्या फोन करतो’ याचे ‘आय कॉल टुमॉरो’ होत नाही. तिथे ‘आय विल कॉल टुमॉरो’ हवे.

दुसरी सवय ‘इंग’ची. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. माहीत असणे, हवे असणे, जवळ असणे या स्थिती आहेत, चालू कामे नव्हेत. म्हणून ‘आय नो’, ‘आय वाँट’, ‘आय हॅव टू ब्रदर्स.’

सराव

खालील वाक्ये इंग्रजीत करा. उत्तरे पुढील अंकात देऊ.

1. अम्मी पहाटे लवकर उठतात.
2. मामू इन्सुलिन घेत नाहीत.
3. तुमची मुलगी गिरगावात शिकवते का?
4. आम्ही जुम्याला दुपारी दुकान बंद ठेवतो.
5. नानींना मराठी आणि उर्दू येते.

आणखी एक काम. ईशानंतर घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्या एकाविषयी इंग्रजीत पाच वाक्ये सांगावीत : तो काय करतो, कुठे जातो, काय खात नाही. ‘एस’ राहिला तर बाकीच्यांनी टोकावे, पण हसू नये. घरात आजारी माणूस असेल, तर तो कोणते औषध केव्हा घेतो, त्याला काय त्रास होतो, हे चार ओळींत लिहून तो कागद तपासणीच्या फाइलमध्ये ठेवावा. आमच्या मामूंच्या फाइलमध्ये आता असा कागद आहे. त्याची पहिली ओळ भावानेच लिहिली आहे : ‘ही फास्ट्स इन रमजान.’