तीन पायऱ्यांचं अंतर

मधुमेहापायी माझ्या सासूबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्यातून त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या आणि दारातच अडल्या. आमच्या घराला तीन पायऱ्या. दिवसातून तीसदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या आम्हाला त्या कधी दिसल्याच नव्हत्या!

सुरुवातीला शेजारची दोन मुलं खुर्चीसकट उचलायची. मग सासूबाईंनी धोशाच लावला, "मला नाही यायचं कुठं." हळदीकुंकू नको, कीर्तन नको, अंगणातली तुळससुद्धा नको. आम्हाला वाटलं, मन विटलं. एकदा वेणी घालताना हळूच म्हणाल्या, "अगं, परक्या पोरांनी पोत्यासारखं उचलायचं. पदर सावरायलाही हात मोकळा नसतो. त्यापेक्षा आत बरी."

मी बचत गटांत बायकांच्या मानसन्मानावर बोलते. घरातलं मात्र मला सात महिने कळलं नव्हतं.

रॅम्प करायचा ठरलं. गवंडी म्हणाला, "वहिनी, एका दिवसाचं काम." त्यानं आठ फुटांत उतार संपवला, वर घोटून गुळगुळीत कोबा केला. रिकामी खुर्ची चढवतानाच मला धाप लागली. उतरताना तीच मला ओढत निघाली. घसरगुंडीच ती! फोडावी लागली.

मग हिशेब शिकले. एक इंच उंचीला एक फूट लांबीचा उतार. तीन पायऱ्यांची उंची अठरा इंच, म्हणजे उतार अठरा फूट. अंगणात सरळ एवढी जागा नव्हती. म्हणून नऊ फूट उतार, वळणावर पाच फुटांचा सपाट चौथरा, पुन्हा नऊ फूट. रुंदी चार फूट. चाक बाहेर जाऊ नये म्हणून कडेनं चार इंचांचा बांध, धरायला दोन्हीकडे पाइप. कोबा ओला असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे पावसात चाक घसरत नाही. दारासमोर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा ठेवली.

वादही झाले. हे म्हणाले, "घरात कुणीतरी असतंच, उचलू की." जाऊबाईंना घराच्या शोभेची काळजी. तुळशीवृंदावन वाटेत येत होतं आणि उंबरा काढायचा म्हटल्यावर तर सगळेच गप्प. निकाल सासूबाईंनीच दिला. "तुळस हलवा. लक्ष्मीला उंबरा लागतो की नाही ठाऊक नाही, मला नको."

आता बारा वर्षांची नात त्यांना एकटी वर आणते. यंदाच्या संक्रांतीला त्या चार घरी वाण घेऊन गेल्या.

सार्वजनिक इमारतींत अशी सोय हवी, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पण आपल्या घरात कायदा बघायला कोण येणार? घर बांधताना देवघराची दिशा बघतो, दर्शनी खांबांवर खर्च करतो. घरातलं माणूस थकलं तर आत-बाहेर कसं करेल, हे कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, आपण सगळ्याच म्हाताऱ्या होणार आहोत. आज टेप घ्या आणि आपल्या पायऱ्या मोजा. नवं घर बांधत असाल, तर उताराची जागा आत्ताच सोडा. आणि घरातली आजी "मला नको" म्हणाली, तर एकदा तिच्या खुर्चीत बसून दाराकडे बघा.