भीती विका, भूत विकू नका

पूर्वी भूत घालवण्यासाठी पैसे मोजावे लागत. आता भूत भेटावे म्हणून मोजावे लागतात. माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात असे पैसे मोजले आणि स्वतःबरोबर माझेही मोजले. “मामा, तुम्ही चलाच,” तो म्हणाला, “पाच तासांचा खेळ आहे. खुर्चीत बसून नाटक बघायचे नाही, आपणच नाटकात शिरायचे.” नाटकाचे नाव काढल्यावर मी घरी बसणारा नव्हे. शनिवारी दुपारी भिवंडी सोडली, अंबाडीच्या नाक्यावर वडापाव खाल्ला, वज्रेश्वरीला देवीच्या पायऱ्या चढून आलो आणि दिवेलागणीला तानसा नदीच्या अंगाच्या एका जुन्या, रिकाम्या बंगल्याच्या फाटकाशी आम्ही सहाजण जाऊन उभे राहिलो.

फाटकातच आमचे मोबाइल एका पिशवीत जमा झाले. दोघांत मिळून एक बॅटरी हातात आली. आम्ही म्हणे या घरातून नाहीशा झालेल्या एका मुलीचे नातलग. तिचे काय झाले ते उजाडण्यापूर्वी शोधून काढायचे. मग कुलूप लावलेली ट्रंक, अर्धवट जळालेली पत्रे, मधूनच खरखरणारा रेडिओ, माळ्यावर कुणाची तरी पावले! स्वयंपाकघरात मी चष्मा सावरून एक पत्र वाचत होतो, तेवढ्यात माझ्यामागचे हंड्यावरचे झाकण हळूच सरकले. खोटे कशाला सांगू? साठी उलटलेला, नातवंडांना रामरक्षा शिकवणारा हा माणूस भाच्याचा दंड घट्ट धरून उभा राहिला. रात्री एक वाजता खेळ संपला तेव्हा भुते तोंडावरची पांढरी भुकटी पुसत आमच्याबरोबर चहा प्यायला बसली. पाहतो तो कॉलेजातली पोरे! मी त्यांची पाठ थोपटली. एवढी मेहनत पुष्कळ नाटकमंडळ्याही घेत नाहीत.

इथवर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

चहा संपत आला तसे त्यांचे व्यवस्थापक आवाज खाली आणून म्हणाले, “हे सगळे आम्ही रचलेले होते, पण एक गोष्ट खरी आहे बरं का! मागच्या विहिरीत एका बाईने खरेच जीव दिला होता. म्हणून तर ही जागा घेतली.” जाहिरातीतही ही विहीर असल्याचे भाच्याने मला नंतर दाखवले. सकाळी मी बंगल्याच्या राखणदाराला गाठले. तो म्हणाला, “कोण बाई न् कुठलं काय, साहेब! माझी आई चाळीस वर्षं याच विहिरीचं पाणी भरत होती.” मग थोडा वेळ थांबून त्याने उरलेले सांगितले. खेळ सुरू झाल्यापासून पाड्यावरच्या बायका त्या विहिरीवर येईनाशा झाल्या होत्या. पावसाळ्यात एका पोराला ताप भरला. भगताने तांदूळ टाकले आणि बोट दाखवले ते विहिरीकडे. दोन दिवस उतारा-अंगाऱ्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात चढल्यावर त्याला दवाखान्यात नेले. पोर वाचले. पण ते वाचले हे त्याचे नशीब. त्यात खेळवाल्यांचे पुण्य काडीचे नाही.

आता हा किस्सा ऐकून आमच्या कट्ट्यावरचे दोन पक्ष लगेच उभे राहिले. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणाला, “आम्ही सांगतच होतो! असल्या खेळांवर बंदीच हवी. आपली संस्कृती काय, आणि ही थेरं काय!” पोरांचा पक्ष म्हणाला, “मामा, करमणूक आहे ती. एवढे काय मनावर घेता?” मला दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

आधी वडीलधाऱ्यांशी. अहो, भीतीचे वावडे आपल्या संस्कृतीला कधी होते? भरतमुनींनी आठ रस सांगितले त्यांत भयानकाला शृंगाराच्याच पंक्तीला बसवले. नारायण धारपांची पुस्तके पांघरुणात शिरून वाचली ती आपणच ना? रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून रात्री मोरीपर्यंत जायला सोबत मागितली तीही आपणच. ज्या वज्रेश्वरीला आपण नारळ वाढवतो तिची कथा तरी काय आहे? देवीने राक्षस मारले, त्यांचे रक्त भुईत मुरले आणि त्याचीच ही गरम पाण्याची कुंडे झाली, असे लोक सांगतात. जमिनीत खोलवर झिरपलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापून खडकाच्या भेगांतून वर येते, हे भूगर्भशास्त्राने सांगितले. म्हणून कुणी कथा टाकली नाही, आणि कथा ऐकली म्हणून कुणी अकलोलीच्या कुंडात उतरायला भ्यायले नाही. कथेला कथा म्हणून ऐकण्याइतकी अक्कल आपल्या आजीलाही होती.

आणि ही थेरं विलायतेतून कालपरवा आली, असेही समजू नका. पॅरिसमध्ये १७९९ साली रोबेर्टसन नावाच्या गृहस्थाने एका ओसाड मठात भुतांचा खेळ मांडला. अंधाऱ्या वाटेने प्रेक्षकांना आत न्यायचे, मग चाकांवरचा जादूचा कंदील पडद्यामागून पुढे सरकवायचा, की भूत वाढत वाढत अंगावर येई. बायका किंचाळत, पुरुष काठ्या उगारत. पण हा गृहस्थ लोकांना सांगे की मी मांत्रिक नव्हे, ही प्रकाशाची आणि भिंगांची करामत आहे. तोच जादूचा कंदील आपल्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी हाती घेतला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कापडी पडद्यावर हलवून १८९२ पासून त्यांनी ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ केले. शंबरासुराची माया म्हणून शांबरिक! नावातच कबुली आहे की ही माया आहे. भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर सव्वाशे वर्षांपूर्वी एवढा प्रामाणिकपणा होता. तेव्हा बंदीची भाषा मला मंजूर नाही. ज्याने ‘हे खोटे आहे’ असे सांगून मला घाबरवले त्याने मला फसवले नाही. उलट अंधारातून हसत बाहेर कसे यावे हे शिकवले.

आता पोरांशी. तुम्ही म्हणता, करमणूक आहे. कबूल! पण कुणाची? तुम्ही पाच तासांचे पैसे देता, पहाटे मोटारीत बसता आणि ठाण्याच्या खाडीपर्यंत सगळे विसरता. पाहुणा सकाळी मुंबईला जातो; भूत मात्र पाड्यावर राहते. ज्यांनी तिकीट काढले नाही, खेळ पाहिला नाही, त्यांच्या विहिरीचे पाणी तुम्ही बाटवले. ‘खरेच झाले होते’ हे तुमच्या लेखी चहावरचे फोडणीचे वाक्य. पाड्यावर तो निवाडा ठरतो. भगताचे बोट आज विहिरीकडे वळले, उद्या त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळले तर? तिला भुताळी ठरवायला आपल्या मुलखात फार वेळ लागत नाही.

महाराष्ट्राने यासाठी कायदा केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे त्याच्यासाठी झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणे-मारणे हा त्यात गुन्हा आहे आणि भूत बोलावण्याच्या धाकाने लोकांत घबराट पसरवणे हाही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुमचा खेळ या कायद्यात बसतो की नाही ते वकिलांनी ठरवावे. मला एवढेच कळते की भगत आणि तुमचे व्यवस्थापक एकच माल विकत होते, आणि फरक असलाच तर तो दोघांच्या दरात होता.

दुसरे सांगतो. ही ‘खऱ्या जागे’ची हौस आता बंगल्यांवर थांबलेली नाही. शनिवारवाड्याभोवती अमावास्येच्या रात्री कान टवकारून फिरणारे लोक आहेत. नारायणराव पेशवे ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे मारले गेले. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता तो! त्याच्या मरणाचा इतिहास वाचा, त्यावर नाटक करा, कारस्थान कुणाचे होते यावर रात्रभर वाद घाला. पण त्याची शेवटची हाक ऐकू येते म्हणून तिकीट लावू नका. तीच गोष्ट वसईची. वज्रेश्वरीच्या देवळाला किल्ल्यासारखा तट आणि नगारखाना का आहे? वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता, ही त्याची आठवण. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, ती हजारो माणसे पडल्यावर. त्या माणसांचे अप्पांनी देऊळ केले, आपण त्यांचे भूत करावे काय?

म्हणून माझे मागणे थोडके आहे. भुतांचे खेळ करणाऱ्यांनो, खुशाल करा. पण एक: खेळाच्या आधी आणि नंतरही, दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, की यातले सगळे रचलेले आहे, आणि ते वाक्य चहाच्या वेळी परत घेऊ नका. दोन: मेलेल्या खऱ्या माणसांना नोकरीवर ठेवू नका, भुते हवीत तर स्वतःच्या डोक्यातून काढा. तीन: ज्याची छाती दडपली त्याला हवे तेव्हा बाहेर पडता यावे आणि त्याला कुणी हसू नये. आणि चार, हे सर्वांत महत्त्वाचे: शेजारच्या वस्तीला पहिला खेळ फुकट दाखवा. हंड्यावरचे झाकण कोणत्या दोरीने सरकते ते पाड्यावरच्या पोरांच्या हातात देऊन दाखवा. ज्या पोराने स्वतः दोरी ओढली ते पोर मोठेपणी भगताला सहजासहजी भुलणार नाही.

हे अशक्य आहे असे म्हणू नका. तुमच्या-माझ्या घरात ते दर वर्षी होते. नरकचतुर्दशीला पहाटेच्या काळोखात, अंगाला तेल-उटणे लावून कुडकुडत असताना, आई आपल्याला सांगते की हा बघ नरकासुर. आणि तो नरकासुर म्हणजे तुळशीपाशी ठेवलेले एवढेसे हिरवे कारीट! आपण ‘गोविंदा’ म्हणून डाव्या अंगठ्याने ते चिरडतो, कडू थेंब जिभेला लावून तोंड वाकडे करतो आणि फराळाला बसतो. कारीट हे कारीट आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते, तरी अंगावर काटा येतो. तो काटा खरा, राक्षस खोटा. आणि अंगणात शेजाऱ्याच्या वाट्याला मागे काही उरत नाही, फक्त पाण्याने धुऊन टाकायची एक चपटी साल.

माझ्या भाच्यानेही हे वाचावे. यंदाच्या खेळाचे तिकीट त्याने माझ्यासाठी काढले, तर मी जरूर येईन. मात्र आधी त्या व्यवस्थापकांनी पाड्यावर जाऊन, सर्वांच्या देखत, त्या विहिरीचे तांब्याभर पाणी प्यायले पाहिजे.