फोटोला हार, आणि आमच्या नागलीवर बूट



माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन ९ नोव्हेंबरला गेले. कचेरीत फोटोला हार घातला, भाषणं झाली. केरळात उझवूर गावी दलिताच्या झोपडीत जन्म, पायपीट करून शाळा, पुढे राष्ट्रपती. खरंच आहे सगळं. पण बोलणाऱ्यांनी एक गोष्ट गिळली, ती आम्ही सांगतो.

ओरिसात काशीपूर भागात बॉक्साइटच्या खाणीला आदिवासींचा विरोध होता. १६ डिसेंबर २००० ला मायकांच गावात पोलिसांनी गोळ्या घातल्या, तिघे आदिवासी मेले. पुढच्याच महिन्यात, २५ जानेवारी २००१ ला, राष्ट्रपती देशापुढे बोलले. असली भाषणं गोडगोड असतात. ह्या माणसाने मात्र सांगितलं की जंगलातल्या खाणी आदिवासींच्या जिवावर उठल्यात. त्यांची जमीन बिगर-आदिवासींना, कंपन्यांना देऊ नये असा कायदा आहे आणि सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरलाय. प्रकल्प आणायचा तर आधी आदिवासींना विश्वासात घ्या.

सरकारने काय केलं? त्यांच्याच कारकिर्दीत, ३ मे २००२ ला, दिल्लीहून पत्रक निघालं: वनजमिनीवरची अतिक्रमणं सप्टेंबरअखेर हटवा! अतिक्रमण म्हणजे कोण, तर आम्ही. त्याच पावसात आमच्या पाड्यावरची उभी नागली तुडवली. तेव्हा चांगला माणूस वर बसला म्हणून खालची जमीन वाचत नाही, हे आम्ही भोगून शिकलोय.

आता थोडं आपल्यालाही बोलू, राग आला तर येवो. १९९८ च्या निवडणुकीत हे राष्ट्रपती रांगेत उभं राहून मत देऊन आले. आपल्यातले काही कोंबडी-बाटलीवर मत देतात. ग्रामसभेला तर माणूस फिरकत नाही, मग घरोघर अंगठे घेऊन कोरम भरतात आणि ठराव कसला झाला ते आपल्याला वर्षाने कळतं.

२००५ साली वनहक्काचा कायदा दिल्लीत अडला होता, वाघवाले आडवे पडले होते. पत्र्याच्या पेटीतल्या दंडाच्या जुन्या पावत्या काढा, उंदरांनी ठेवल्या असतील तेवढ्या. गार्डाने चोर ठरवून फाडलेली पावतीच सांगते की त्या साली आपण तिथे कसत होतो. ग्रामसभेत बायाबापे सगळे बसून ठराव करा, त्याला २५ जानेवारीचं भाषण जोडा. एक प्रत तहसीलदाराला, एक राज्यपालांना. पाचव्या अनुसूचीने आपली जबाबदारी त्यांच्यावर टाकलीय. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.