कृश प्रमेही आणि अश्वगंधा

चरकाचार्यांनी प्रमेहींचे स्थूल व कृश असे भेद करून कृशास बृंहण सांगितले आहे. त्याच आधारे आपण अश्वगंधा योजतो. तथापि भूक भरपूर असूनही वजन घटते, हात कापतात, नाडी द्रुत चालते, अशा रुग्णाची रक्तशर्करा वाढलेली आढळल्यास प्रथम थायरॉईडच्या अतिकार्याची शंका घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. या विकारात यकृत अधिक शर्करा रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा ऱ्हासही शीघ्र होतो. ग्रंथी ताळ्यावर आली की शर्करा पुष्कळदा उतरते. अश्वगंधेच्या सेवनाने थायरॉईडचा स्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अलोऱ्यासारख्या गावातून रक्ताचा नमुना चिपळूणला धाडावा लागला तरी टीएसएच आधी पाहावे. औषधालयचालकांनीही अशा ग्राहकास चूर्णाची पुडी परस्पर देऊ नये.