मालकाचा धीर

नोकरीवरून दूर करण्याला आपल्या मराठीत ‘नारळ देणे’ असा एक मोठा सभ्य वाक्प्रचार आहे. ज्या फळाने शुभकार्याचा आरंभ करावयाचा, तेच हाती ठेवून माणसाला वाटेला लावावयाचे! इंग्लंडमधील फुटबॉलच्या बातम्या वाचताना या वाक्प्रचाराची आम्हांस दर वर्षी आठवण होते. तेथील हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. आणि आपल्याकडे दिवाळीचा फराळ सरतो न सरतो तोच तेथे बहुधा कोणा ना कोणा मॅनेजरच्या हाती पहिला नारळ पडलेला असतो. चार-सहा सामने हरले की प्रेक्षक ओरडू लागतात, वृत्तपत्रे उत्तराधिकाऱ्यांची नावे छापू लागतात आणि साऱ्यांच्या नजरा क्लबच्या मालकाकडे वळतात. अशा वेळी त्याने धीर धरावा की नारळ द्यावा? प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. परंतु जेथे जेथे एकाचे काम दुसऱ्याने जोखावयाचे असते, तेथे तेथे तो उभा राहतोच. म्हणून या महिन्यात त्याचाच थोडा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या घरांतून ‘मॅनेजर’ म्हटले की सामानसुमान आणि तिकिटे सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर तसा नव्हे. संघ निवडावयाचा त्याने, डावपेच आखावयाचे त्याने, कोणता खेळाडू विकत घ्यावा आणि कोणता सोडावा हेही पुष्कळदा त्यानेच ठरवावयाचे. जुन्या नाटक मंडळीतला तालीममास्तर आणि संस्थानातला दिवाण या दोघांचे मिश्रण करावे, म्हणजे हा माणूस तयार होतो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दरबारांच्या चाकरीत होते. महाराज आणि दिवाण यांचे नाते किती नाजूक असते, हे त्यांना आम्ही सांगावयास नको. कारभार दिवाणाचा, खजिना महाराजांचा, आणि दोहोंच्या मध्ये रयतेचा कोलाहल!

मालकाचा धीर का सुटतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याला दोष देणे बरे नव्हे. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये वीस संघ असतात आणि दर हंगामाच्या अखेरीस तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलले जातात. ते खाली गेले की दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारे कोट्यवधी पौंड एकदम आटतात, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि वर परत येण्यास कधी वर्ष लागते तर कधी वीस वर्षे. तेव्हा मालकाची भीती खोटी नसते. गंमत एवढीच की, तो जेव्हा जाहीरपणे म्हणतो, ‘आमच्या मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे,’ तेव्हा तिकडचा जाणता प्रेक्षक मॅनेजरचे सामान बांधले गेले असे समजतो! खरा विश्वास असता, तर तो बोलून दाखवावा लागलाच नसता, असा त्यातला तर्क.

धीराची गोष्ट निघाली की मँचेस्टर युनायटेड आणि अॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव प्रथम येते. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी फर्ग्युसन तेथे रुजू झाले, तेव्हा बावीस संघांत युनायटेडचा क्रमांक एकविसावा होता. त्या वर्षी संघ अकराव्या स्थानी आला, पुढच्या वर्षी दुसऱ्या. वाटले, आता घडी बसली. पण १९८९ मध्ये पुन्हा अकरावे स्थान आणि १९९० मध्ये तर तेरावे! सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ असे धुतले. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत लीगमध्ये एकही विजय मिळाला नाही. ‘तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता या,’ अशा अर्थाचा फलक स्वतःच्याच मैदानात प्रेक्षकांनी फडकवला. मालक मार्टिन एडवर्ड्स यांच्यावर त्या काळी दुसराही राग होता. त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये दोन कोटी पौंडांना क्लब विकावयास काढला होता आणि तो व्यवहार ऑक्टोबरमध्ये फिसकटला होता. लोकांचा रोष आपल्यावरून दुसरीकडे वळवावयाचा, तर मॅनेजरचा बळी देण्यासारखा सोपा उपाय नव्हता. एडवर्ड्स यांनी तो केला नाही.

जानेवारी १९९० मध्ये एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्स नावाच्या तरुणाने एकमेव गोल केला आणि युनायटेड जिंकले. त्या एका गोलाने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली, अशी आख्यायिका तेथे रूढ आहे. त्या वर्षीचा चषक युनायटेडने जिंकला. १९९३ मध्ये, तब्बल सव्वीस वर्षांनी, लीगचे विजेतेपदही आले. आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसन यांनी तशी तेरा विजेतेपदे मिळवली.

आख्यायिका गोड आहे. पण तिच्यातून निघणारा बोध आम्हांस पटत नाही. एका गोलावर नोकरी वाचली असेल, तर तो धीर नव्हे, ती सोडत झाली. मॅनेजरला काढण्याचा विचार संचालकांनी केलाच नव्हता, असे एडवर्ड्स पुढे वारंवार सांगत आले आहेत; आणि त्याचे कारण त्यांना गुणतक्त्याच्या बाहेरचे काही दिसत होते. फर्ग्युसन यांनी आल्याबरोबर शहरातली मुले हेरणाऱ्यांची संख्या वाढवली होती. रायन गिग्ज नावाच्या मुलाला त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, ते स्वतः घरी जाऊन घेऊन आले होते. खेळाडूंमध्ये मद्यपानाची जुनी खोड होती, ती मोडण्याचे काम चालू होते. १९९२ मध्ये युनायटेडच्या कुमारांनी युवक चषक जिंकला. त्या संघात गिग्ज होता, बेकहॅम होता, गॅरी नेव्हिल आणि निकी बट होते. म्हणजे वर पाने गळत होती तेव्हा खाली मुळे धरत होती. शेतकरी पेरल्यावर रोज रोप उपटून पाहत नाही. तसेच जमिनीत काही पेरलेच नसेल तर केवळ वाट पाहत बसतही नाही. बी पडले आहे की नाही, एवढे मात्र त्याला ठाऊक असावे लागते.

याच्या अगदी उलट चित्र लीड्स युनायटेडचे. १९७४ मध्ये हा संघ विजेता होता आणि त्याने ब्रायन क्लफ यांना मॅनेजर नेमले. लीगचे सहा सामने झाले, त्यांत एकच विजय. खेळाडू बिथरले, आणि नेमणुकीपासून ४४ व्या दिवशी क्लफ यांना निरोप मिळाला. क्लफ यांची जीभ तिखट होती आणि चूक एका बाजूची नव्हती, हे खरे. पण ज्याच्या स्वभावाची सगळ्या इंग्लंडला माहिती होती, त्याला नेमताना संचालकांनी काय पाहिले होते? जानेवारी १९७५ मध्ये तेच क्लफ दुसऱ्या वर्गातील नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. तेथे एक मालक नव्हता, समिती होती. पहिल्या हंगामाअखेर संघ दुसऱ्या वर्गात सोळावा होता! कोणी ओरडून नारळ मागितला असता तर आकडे त्याच्याच बाजूचे होते. १९७७ मध्ये तो संघ वरच्या वर्गात आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० अशी सलग दोन वर्षे युरोपचा चषक त्याने घरी नेला.

येथे चौकस वाचक आम्हांस अडवील आणि म्हणेल, ‘मग चेल्सीचे काय?’ प्रश्न रास्त आहे. रोमन अब्रामोविच २००३ ते २०२२ या काळात त्या क्लबचे मालक होते आणि त्यांच्याइतका उतावळा मालक शोधून सापडावयाचा नाही. रोबेर्तो दि मातेओ यांनी मे २०१२ मध्ये युरोपातील सर्वश्रेष्ठ चषक जिंकून दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना घरी बसवले गेले. तरीही त्या कारकिर्दीत चेल्सीने लीगची पाच आणि चॅम्पियन्स लीगची दोन विजेतेपदे मिळवली. हे नाकारून चालणार नाही. परंतु प्रत्येक नव्या मॅनेजरच्या हाती तेथे सोन्यासारखे खेळाडू तयार असत आणि चूक झाली तर भरून काढण्यास खजिना अथांग होता. ज्याच्या कोठारात दहा वर्षांचे धान्य आहे, त्याने दर मोसमात शेतमजूर बदलले तरी तो उपाशी राहत नाही. इतरांनी ती नक्कल करू नये.

शिवाय, मॅनेजर बदलला आणि संघ सुधारला, या समजुतीतही मोठी फसगत आहे. हॉलंडमधील अर्थशास्त्रज्ञ बास टेर वील यांनी तेथील लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील निकालांचा अभ्यास केला. घसरगुंडी लागल्यावर ज्यांनी मॅनेजर काढला ते संघ त्यांनी पाहिले. आणि तितकीच घसरगुंडी होऊनही ज्यांनी काढला नाही, तेही पाहिले. दोघेही जवळजवळ सारखेच सावरले! याचे कारण सोपे आहे. मालक नारळ देतो तो अवस्था अगदी वाईट असताना. आणि अगदी वाईट अवस्थेनंतर बहुधा थोडी बरीच अवस्था येते. ताप उतरावयाचाच होता. त्या दिवशी ज्याचा अंगारा लावला त्याची ख्याती झाली. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एक गाठ पडते, आणि आपण कावळ्याला पैलवान ठरवतो.

बर्नली या छोट्या गावाच्या क्लबची हकीकत या दृष्टीने मननीय आहे, कारण तेथे मॅनेजर एकच आणि मालक दोन प्रकारचे आहेत. शॉन डाइश तेथे ऑक्टोबर २०१२ मध्ये आले. २०१४ मध्ये त्यांनी संघ वरच्या वर्गात नेला. पुढच्याच वर्षी तो खाली घसरला. तेव्हाच्या, गावाशी जोडलेल्या संचालकांनी त्यांना ठेवले. २०१६ मध्ये संघ पुन्हा वर आला आणि २०१८ मध्ये चक्क सातवा आला. डिसेंबर २०२० मध्ये क्लब अमेरिकन गुंतवणूकदारांनी घेतला. त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा काही बोजा क्लबच्याच माथी आला. एप्रिल २०२२ मध्ये, आठ सामने उरले असताना आणि संघ तळाच्या तिघांत असताना, डाइश यांना काढण्यात आले. पहिल्या चार सामन्यांत दहा गुण मिळाले आणि जो तो नव्या मालकांच्या धडाडीची वाखाणणी करू लागला. उरलेल्या चारांत एकच गुण मिळाला आणि संघ खाली गेला. डाइश राहते तर तो वाचला असता, असे म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाही. पण कर्जाचा हप्ता दाराशी उभा असला की माणसाला पुढचे वर्ष दिसत नाही, पुढचा शनिवार तेवढा दिसतो. धीर हा पुष्कळदा स्वभावाचा प्रश्न नसतो. तो जमाखर्चाचा असतो.

आता दुसरी बाजू. धीराच्या नावाखाली भिडेला बळी पडणे हाही दोषच होय. ज्या क्लफ यांनी फॉरेस्टला युरोपच्या शिखरावर नेले, त्यांच्याच अठराव्या वर्षी, १९९३ मध्ये, तो संघ तळाला जाऊन खालच्या वर्गात पडला. प्रकृती खालावली होती, पूर्वीची धार राहिली नव्हती. पण इतक्या उपकारांनंतर ‘आता विसावा घ्या’ असे म्हणावयास कोणी धजावले नाही, असेच दिसते. आणि २०१६ मध्ये लेस्टरला अकल्पित विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये काढले तेव्हा सारे जग हळहळले. संघ मात्र नव्या मॅनेजरच्या हाती बारावा येऊन तरला. मालकांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. पण क्लब चालवणे आणि सत्कार करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हेही तितकेच खरे. उपकार स्मरावे निरोपाच्या रीतीत. ते निर्णयाच्या आड येऊ देऊ नयेत.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते गोव्यात आहे. धेंपो क्लबने आर्मांदो कुलासो यांना २००० पासून २०१३ पर्यंत प्रशिक्षक म्हणून ठेवले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद यावयास २००५ साल उजाडले; त्यानंतर २०१२ पर्यंत आणखी चार आली. मधली काही वर्षे रिकामी गेली, तरी तक्ता बघून कोणी नारळ आणावयास धावले नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा, की ‘किती दिवस थांबावे’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘थांबताना आपण काय पाहत आहोत’ हा खरा प्रश्न. हरलेल्या शनिवारांखाली काही बांधले जात आहे काय? खेळाडू अजून त्याचे ऐकतात काय? मुले तयार होत आहेत काय? ही उत्तरे गुणतक्त्यात मिळत नाहीत. त्यासाठी मालकाला सामन्याच्या दिवशी नव्हे, तर सरावाच्या दिवशी मैदानावर जावे लागते. जो तेथे गेला, त्याला धीर धरणेही जमते आणि वेळ आल्यावर मानाने निरोप देणेही जमते. जो गेलाच नाही, त्याच्या हाती गर्दीचा आवाज मोजण्यापलीकडे काही उरत नाही.

आपल्या मंडळांतून, शाळांतून, दुकानांतून आणि घरांतूनही असे मालक आहेत आणि असे मॅनेजरही. वार्षिक सभेत तावातावाने नवा चिटणीस मागण्यापूर्वी, किंवा मुलाचे एका सहामाहीचे गुण पाहून त्याची शिकवणी बदलण्यापूर्वी, वर्षभरात आपण सरावाच्या वेळी किती वेळा डोकावलो होतो, एवढे ज्याने त्याने मनाशी मोजावे. पुढचे त्याचे त्याला सुचेल.