लाइटिंग स्वस्तात करा, स्वतःची मजुरी स्वस्तात देऊ नका



छोट्या रेल्वेचं मॉडेल बनवून विकायचं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, लाइटिंग सगळ्यात स्वस्तात कसं होईल?" प्रश्न बरोबर आहे. पण पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवा.

लाइटिंगला कमी समजू नका. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एकदा जाऊन या. नुसत्या रुळांवरून पळणारी गाडी आणि दिवे लागलेल्या गावातून जाणारी गाडी, यातला फरक तिथं डोळ्यांना दिसतो. गिऱ्हाईक पैसे त्या फरकाचे देतं.

आता "स्वस्त" म्हणून बरेच जण काय करतात? दिवाळीची २३० व्होल्टची माळ पुठ्ठ्याच्या घरांत कोंबतात. हे मला अजिबात पटत नाही. मॉडेलला लहान मुलं हात लावणारच. पुठ्ठा, थर्माकोल आणि घरातला करंट एकत्र नको म्हणजे नको.

त्यापेक्षा १२ व्होल्ट डीसीचा ॲडॅप्टर घ्या. जुन्या राउटरचा पडून असेल तर लेबल वाचा, १२ व्होल्ट, १ ॲम्पिअर असेल तर चालेल. फळीखालून दोन जाड वायरी फिरवा आणि प्रत्येक घराला त्यातून जोड द्या. सुरुवातीला एक फ्यूज टाका. रुळांचा सप्लाय दिव्यांना देऊ नका. साध्या डीसी सेटमध्ये गाडी हळू केली की दिवेही मंद होतात.

एलईडी थेट १२ व्होल्टला जोडली की गेलीच. वॉर्म व्हाइट एलईडी साधारण ३ व्होल्ट घेते. तीन एका ओळीत जोडल्या की ९ व्होल्ट झाले, उरलेल्या ३ व्होल्टसाठी ३३० ओहमचा एक रेझिस्टर. करंट फक्त ९ मिलीॲम्पिअर. म्हणजे ३० दिव्यांना ९० मिलीॲम्पिअर! एक गेली तर तिन्ही विझतील, म्हणून तिन्ही एकाच इमारतीत ठेवा. घराला आतून काळा रंग आणि खिडकीला बटर पेपर लावा. भिंतीतून उजेड फुटत नाही आणि काम महागाचं दिसतं.

इथपर्यंत वाचवलंत, छान. पण खरा तोटा पुढे होतो. समजा, सामान ४०० रुपयांचं लागलं, काम सहा तासांचं. तुम्ही ६०० सांगता आणि २०० सुटले म्हणून खूश होता. अहो, तासाला ३३ रुपये पडले! तासाला १०० धरले तरी मजुरी ६००. जाणं-येणं आणि नंतरची दुरुस्ती १००. झाले ११००. त्यावर २५ टक्के नफा धरला की १३७५. हा भाव सांगायला लाजू नका. "दोनशेत माळ मिळते की," असं कुणी म्हणालं, तर फ्यूज दाखवा, १२ व्होल्ट म्हणजे काय ते सांगा आणि मूल हात लावू शकतं हे समजावा. तरी नाही पटलं, तर ते गिऱ्हाईक सोडा.

आणि एक. परदेशी गावांची नक्कल कशाला करायची? आपल्या जिल्ह्यात १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट धावायला लागली. आज तिथं ब्रॉडगेज आहे, पण जुन्या लोकांच्या मनात ती छोटी गाडी अजून आहे. तिचं संध्याकाळचं स्टेशन बनवा, फलाटावर तीन दिवे, मास्तरांच्या खोलीत एक. सोलापुरात हे मॉडेल ओळखायला कुणाला पाटी वाचावी लागणार नाही.

या रविवारी एकच घर करा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. भाव त्या वहीतूनच ठरणार आहे.